चॅनेल हाताने निवडताना (घरचे वाय-फाय, भाग 6)

मागच्या भागात मेशची रचना पाहिली. एकाच नावाचे नेटवर्क देणारे दोन-तीन नोड घरात ठेवायचे आणि फायबरवरून आलेले इंटरनेट त्यांनी एकमेकांकडे देत मागच्या खोलीपर्यंत न्यायचे, एवढेच ते काम. मराठवाड्यातल्या कन्नडमध्ये असा संच घेणाऱ्यांची घरे बरीचशी एकाच घडणीची असतात. रस्त्याच्या बाजूला दुकान किंवा हॉल, मागे स्वयंपाकघर, वर स्लॅबचा एक मजला, गच्चीवर पत्र्याची खोली. फायबरची वायर खिडकीतून हॉलमध्ये येते आणि टीव्हीच्या मागे संपते. वरच्या खोलीत दुसरा नोड बसवला की मोबाइलवर सगळ्या रेघा भरून दिसतात, आणि तरीही ऑनलाइन तास अडखळतो. रेंज फुल, पण नेट चालत नाही. नोडची जागा बदलूनही ही तक्रार जात नसेल, तर चॅनेल तपासायला हवे.

2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात 13 चॅनेल वापरता येतात. पहिल्याचा मध्य 2412 मेगाहर्ट्झवर, सहाव्याचा 2437 वर, अकराव्याचा 2462 वर. दोन शेजारच्या चॅनेलांत अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येक नेटवर्क जागा घेते किमान 20 मेगाहर्ट्झची. म्हणजे तेरा हा आकडा दिसायलाच मोठा. एकमेकांवर अजिबात न चढणारी म्हणून सगळीकडे वापरली जातात ती चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. पूर्वी या पट्ट्यात वायरलेस उपकरण चालवायला सरकारी परवाना लागत असे. जानेवारी 2005 च्या नियमांनी 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. तेव्हापासून वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस आणि 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा मायक्रोवेव्ह असे सगळे त्याच जागेत आहेत.

हाताने चॅनेल निवडायला बसलेला माणूस इथे एक ठरावीक चूक करतो. मोबाइलवरच्या वाय-फाय ॲनालायझरमध्ये प्रत्येक नेटवर्क एका कमानीसारखे दिसते. 1 वर तीन कमानी, 6 वर दोन, मध्ये 3 किंवा 4 वर रिकामी जागा. मग 3 निवडले जाते आणि नेट आधीपेक्षा वाईट चालते. कारण वाय-फायची उपकरणे बोलण्याआधी ऐकतात. चॅनेल 6 वर दुसरे कोणी बोलत असेल तर 6 वरचा राऊटर थांबतो आणि ते संपले की आपली पाळी घेतो. एकाच मंदिरात दोन भजनी मंडळे असली की ती पाळी लावून घेतात, शेजारच्या गल्लीतल्या लाउडस्पीकरशी मात्र कुणालाच पाळी लावता येत नाही. 3 वर बसलेल्या राऊटरला 1 आणि 6 ही दोन्ही नेटवर्के अर्धवट, म्हणजे निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू येतात आणि त्यांनाही हा तसाच ऐकू जातो. त्यामुळे रिकाम्या दिसणाऱ्या 3 पेक्षा वर्दळीचे 6 बहुतेक वेळा चांगले.

भारतात 13 पर्यंत मुभा असल्यामुळे काही जाणकार 1, 5, 9, 13 अशी चार चॅनेल सुचवतात. कागदावर ते बरोबर आहे. पण आजूबाजूचे सगळे 1, 6, 11 वर असताना 5 किंवा 9 घेणे म्हणजे पुन्हा दोघांच्या मध्ये जाऊन बसणे. शिवाय अमेरिकेत 12 आणि 13 ही चॅनेल घरगुती राऊटरमध्ये वापरत नाहीत. तिकडून मुलाने पाठवलेला लॅपटॉप किंवा टॅब बरेचदा 13 वरचे नेटवर्क दाखवतच नाही. घरातल्या इतर सगळ्या उपकरणांना दिसणारे वाय-फाय एकाच लॅपटॉपला का दिसत नाही, याचा शोध त्यामुळे भलतीकडेच चालू राहतो.

मुंबई-पुण्याच्या इमारतीत ॲनालायझर उघडला की तीस-चाळीस नेटवर्के सहज दिसतात. तिथे शत्रू शेजारी असतो. कन्नडच्या सुट्या घरांत गर्दी त्यामानाने कमी, आणि म्हणूनच गोंधळाचे मूळ अनेकदा आपल्याच घरात सापडते. पहिला संशयित म्हणजे कंपनीने फायबरसोबत दिलेला डबा. त्याला कुणी मोडेम म्हणते, कुणी ओएनटी, पण त्यात बहुतेकदा स्वतःचे वाय-फाय असते. मेश बसवल्यावरही ते चालू राहते आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, मेशचा मुख्य नोड. दोन प्रक्षेपक एकमेकांच्या तोंडावर. ओएनटीचे वाय-फाय बंद करणे हा कुठलेही चॅनेल बदलण्याआधीचा उपाय आहे. दुसरा संशयित म्हणजे मेशचेच नोड. प्रत्येक नोड आपण इथे आहोत हे सेकंदाला साधारण दहा वेळा जाहीर करत असतो. तीन खोल्यांच्या घरात तीन नोड ठेवले तर तिघेही एकमेकांना ठणठणीत ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. लहान घरात तिसरा नोड काढून ठेवल्यावर वेग वाढतो, तो यामुळेच.

आता 5 गिगाहर्ट्झ. मेशची खरी वर्दळ इथेच असते, कारण नोड आपापसांत बहुतेक याच पट्ट्यात बोलतात. स्वस्त, दोन बँडच्या संचात 5 गिगाहर्ट्झचा रेडिओ एकच. मुख्य नोडकडून माहिती घ्यायची तोच आणि मोबाइलला द्यायची तोच. तीच माहिती एकाच चॅनेलवर दोनदा हवेत जाते, म्हणून वरच्या मजल्यावरचा वेग खालच्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. अशा संचात सर्व नोडांना एकाच चॅनेलवर राहावे लागते. वरच्या नोडला वेगळे चॅनेल द्यायला गेले तर त्याचा खालच्याशी संबंधच तुटेल. तीन बँडच्या संचात नोडांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असतो, तिथे ही अडचण कमी होते. पण सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वायर. जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून एक कॅट-6 वायर वर नेली आणि मेश प्रत्येक नोडला वेगळे चॅनेल देऊ देणारा असला, तर खालचा नोड 36 वर आणि वरचा 149 वर ठेवता येतो आणि दोघांपैकी कुणालाच दुसऱ्यासाठी थांबावे लागत नाही. घराचे बांधकाम चालू असेल तर विजेच्या पाइपांसोबत या वायरीसाठी एक वेगळा पाइप टाकून ठेवावाच.

5 गिगाहर्ट्झमधली सगळी चॅनेल सारखी नाहीत. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने 5150 ते 5350, 5470 ते 5725 आणि 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ असा मोठा प्रदेश वाय-फायला परवान्याशिवाय खुला झाला. त्यातल्या मधल्या भागात, म्हणजे 52 ते 64 आणि 100 ते 144 या चॅनेलांवर, आधीपासून रडार चालतात. 2003 साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वाय-फायला देताना अट ठरली की वाय-फायने रडार ऐकू आले की बाजूला व्हायचे. या तंत्राला नाव मिळाले डीएफएस. या चॅनेलवर सुरू होण्यापूर्वी राऊटर किमान 60 सेकंद नुसता ऐकतो. रडारचा स्पंद आढळला तर त्याने 10 सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचे आणि पुढची 30 मिनिटे तिकडे फिरकायचे नाही.

हे रडार मराठवाड्याला अनोळखी नाहीत. 2015 आणि 2019 च्या कोरड्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला तेव्हा ढगांचा माग काढायला तेव्हाच्या औरंगाबादेत विभागीय आयुक्त कार्यालयाच्या छतावर सी-बँड डॉप्लर रडार बसवले होते. मुंबईत जोगेश्वरीजवळ वेरावली इथे हवामान खात्याचे सी-बँड रडार जानेवारी 2022 पासून आहे. सी-बँडची हवामान रडारे साधारण 5600 ते 5650 मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. वाय-फायची 120, 124 आणि 128 ही चॅनेल नेमकी तिथेच येतात, 5600, 5620 आणि 5640 मेगाहर्ट्झवर.

वाय-फायने ही अट पाळली नाही तर काय होते, ते 2009 मध्ये पोर्तो रिकोत दिसले. सान हुआनच्या विमानतळासाठी वाऱ्यातले धोकादायक बदल टिपणाऱ्या रडारच्या चित्रात आडव्यातिडव्या पट्ट्या उमटू लागल्या. शोध घेतल्यावर उंचावर लावलेली 5 गिगाहर्ट्झची वायरलेस उपकरणे सापडली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नंतर तिथल्या सेवा पुरवठादारांना दंड केले. राऊटरच्या सेटिंगमध्ये देश बदलून डीएफएस चुकवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. पावसाचा अंदाज आणि विमानांची सुरक्षितता ज्या यंत्रावर चालते, त्याच्या डोळ्यात धूळ टाकण्याचे ते काम आहे.

कन्नडमध्ये डीएफएसचा त्रास रडारमुळे होण्यापेक्षा लाइटमुळे जास्त होतो. लाइट गेली, इन्व्हर्टर नसला की मेश बंद. लाइट आली की नोड सुरू होतो आणि डीएफएस चॅनेलवर असेल तर पुढचे मिनिटभर 5 गिगाहर्ट्झ हजरच होत नाही. तेवढ्यात मोबाइल 2.4 वर जाऊन बसतो आणि बरेचदा तिथेच राहतो. दिवसातून चार वेळा लाइट ये-जा करत असेल, तर संध्याकाळी सगळी उपकरणे हळू पट्ट्यावर का दिसतात ते यातून कळते. चॅनेल ऑटोवर, म्हणजे राऊटरच्याच निवडीवर सोडले, तर अडचण वेगळी. अनेक राऊटर सुरू होतानाच हवा तपासून चॅनेल ठरवतात. गल्लीतली लाइट एकाच क्षणी आली की सगळ्यांचे राऊटर एकदमच तपासायला लागतात, तेव्हा कुणाचीच वर्दळ सुरू झालेली नसते आणि सगळ्यांना एकच चॅनेल मोकळे वाटू शकते.

म्हणून अशा घरासाठी निवड साधी आहे. 5 गिगाहर्ट्झवर 36 ते 48 किंवा 149 ते 161, दोन्हीकडे डीएफएस नाही आणि 80 मेगाहर्ट्झची रुंदी पूर्ण मिळते. खोक्यावर छापलेल्या 160 च्या मोहात पडू नये. 5 गिगाहर्ट्झमध्ये 160 मेगाहर्ट्झ हवे असेल तर 36 ते 64 किंवा 100 ते 128 असा सलग तुकडा लागतो आणि दोन्हींत रडारची चॅनेल येतातच. 2.4 वर 1, 6, 11 पैकी एक आणि रुंदी 20. तिथे 40 ठेवली तर अर्ध्याहून जास्त गल्ली आपण एकट्यानेच अडवतो.

तीनपैकी कोणते, हे रात्री आठच्या सुमाराला ठरवावे, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल चालू असतात तेव्हा. ॲनालायझर घेऊन हॉलमध्ये एकदा आणि वरच्या खोलीत एकदा बघावे. आकडे उणे असतात. उणे 50 च्या आसपासचा शेजारी जोरदार, उणे 85 चा जवळपास नसल्यासारखा. किती नावे दिसतात यापेक्षा ती किती जोरात दिसतात ते पाहावे. आयफोनवर अशी ॲप नीट चालत नाहीत. तिथे ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये वाय-फाय स्कॅनरचा पर्याय आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो. चॅनेल बदलल्यावर दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. दर तासाला बदलणाऱ्याला काहीच कळत नाही.

विकत घेण्याआधी एक गोष्ट दुकानदाराला विचारावी, चॅनेल हाताने बदलता येते का? गुगल नेस्ट वाय-फाय आणि ईरोमध्ये हा पर्यायच नाही, ते स्वतःच ठरवतात. टीपी-लिंकच्या डेको मालिकेतल्या अनेक मॉडेलांत नेटवर्क ऑप्टिमायझेशनचे एक बटण असते, ते दाबले की संच स्वतः हवा तपासून चॅनेल बदलतो. एसुसच्या झेनवायफायमध्ये चॅनेल आणि रुंदी दोन्ही हातात राहतात. ज्यांच्याकडे पर्याय नसलेला संच आधीच आहे त्यांनी ओएनटीचे वाय-फाय बंद करावे, नोडांची संख्या आणि जागा तपासावी आणि मुख्य नोडला छोटा यूपीएस द्यावा. राऊटरसाठी मिळणारे 12 व्होल्टचे छोटे यूपीएस एवढ्यासाठी पुरतात, फक्त नोडला 12 व्होल्टच लागतात ना, ते त्याच्या अडॅप्टरवर वाचून घ्यावे.

पुढच्या भागात 6 गिगाहर्ट्झ. त्याचा 5925 ते 6425 मेगाहर्ट्झचा खालचा तुकडा परवानामुक्त करण्याचा मसुदा केंद्र सरकारने मे 2025 मध्ये काढला. त्याने घरच्या मेशमध्ये काय बदलते आणि स्लॅबच्या पलीकडे तो कितपत पोहोचतो, ते पाहू.