जसा पाला, तसं मटण

वसईच्या वाडीत बोकडापुढे फणसाची डहाळी टांगली, की आधी कोवळी पानं जातात, मग जून, आणि शेवटी तो साल सोलत बसतो. या पाल्याचा हिशेब पुढे खाटकाकडे लागतो.

वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्टीत मेंढ्या फारशा नांदत नाहीत. शेळी मात्र टिकते. वीस किलोच्या बोकडाचं सोललेलं धड साधारण नऊ-दहा किलो भरतं. यालाच उतारा म्हणतात. नुसत्या भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के. तो पचायला वेळ लागतो, कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला कप्पा, भरलेलं राहतं. जिवंत वजन दिसतं, पण त्यातलं बरंचसं पोटातच असतं. सुबाभूळ आणि शेवग्याच्या वाळल्या पाल्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या पुढे जातात.

फणसाच्या पानात टॅनिन असतं. ते कोठीपोटात प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणूंना ती फोडता येत नाहीत. पुढच्या आम्लयुक्त पोटात ती सुटतात आणि थेट जनावराच्या अंगी लागतात. प्रथिनं कमी सडली, की स्कॅटोल हा उग्र वासाचा पदार्थही कमी तयार होतो. हिरव्या पाल्यातून ओमेगा-३ मेदाम्लं मिळतात. त्यातलं ई जीवनसत्त्व मांसाची लाली जास्त वेळ टिकवतं. न्यूझीलंडमध्ये याच विचाराने कोकरांच्या कुरणात चिकोरी पेरतात. तीच चिकोरी, जिचं मूळ आपण कॉफीत पितो.

पण अति तिथे माती. सुबाभळीतल्या मिमोसिनने केस गळतात, गलगंड होतो. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना सापडले, आणि १९८०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना देण्यात आले. तरीही सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. टॅनिनही जास्त झालं तर भूक मरते. म्हणून फणस, शेवगा, हादगा आणि गवत आलटून-पालटून द्यावं.

वसईत वाडीच्या बांधावर ही झाडं आजही आहेत. अडचण बाजारात आहे. बोकड नजरेने किंवा जिवंत वजनावर विकला जातो, त्यामुळे पेंढ्याने फुगलेलं पोट आणि पाल्यावर भरलेलं अंग एकाच भावाने जातं. चांगला पाला घालणाऱ्याला त्याचं मोल मिळायचं, तर भाव उताऱ्यावर ठरला पाहिजे.