यंत्राच्या हवाली

मंगळावर यान उतरत असतं तेव्हा नियंत्रण कक्षातलं कुणीच ते चालवत नसतं. १८ फेब्रुवारी २०२१ला ‘पर्सेव्हरन्स’ उतरलं. आपल्याकडे १९ तारीख लागली होती, रात्रीचे अडीच वाजत आले होते, आणि शिवजयंतीच्या त्या रात्री मी नासाचं थेट प्रक्षेपण लावून बसलो होतो. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मास्क लावलेले अभियंते पडद्यांकडे बघत होते. त्यांच्यातल्याच स्वाती मोहन एकेक टप्पा पार पडल्याचं सांगत होत्या, पण बातमी शिळीच होती. मंगळावरून संदेश यायला त्या दिवशी अकरा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता आणि हवेत शिरण्यापासून जमिनीला टेकण्यापर्यंतचा खेळ जेमतेम सात मिनिटांचा. यान हवेत शिरल्याचं इथे कळलं, तोवर ते तिथे खाली पोचलेलं होतं. धड की मोडून, एवढंच कळायचं बाकी होतं.

मंगळाची हवा फार विरळ, तिचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. भाजून काढायला पुरेशी, थांबवायला अपुरी. ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने शिरताना ढाल १,३०० अंशांपर्यंत तापते. मग २१.५ मीटर व्यासाचं पॅराशूट उघडतं, पण वेग ताशी सव्वातीनशेच्या आसपास आणून तेही हात टेकतं. पूर्वी वेग ठरल्याइतका उतरला की पॅराशूट उघडायचं. या वेळी यान लक्ष्यापासूनचं अंतर मोजत होतं. पुढे निघून जाणार असेल तर लवकर उघडायचं, मागे राहत असेल तर अंमळ थांबायचं.

जेझेरो विवर निवडलं, कारण तिथे कधीकाळी नदी सरोवराला मिळत होती. भूवैज्ञानिकांना हवे होते ते कडे आणि खडक म्हणजे उतरवणाऱ्यांचे वैरीच. त्यामुळे पॅराशूटला लोंबकळत असतानाच यानाने जमिनीचे फोटो काढले, कक्षेतल्या यानाच्या फोटोंवरून बनवलेल्या नकाशाशी ते ताडून पाहिले, आपण कुठे आहोत हे ठरवलं आणि आवाक्यातली सुरक्षित जागा निवडली. या मोहिमेतली खरी करामत मला हीच वाटते. कौतुक मात्र सगळं झालं ते शेवटी रोव्हर गाडी दोरांनी खाली सोडणाऱ्या क्रेनचं.

यानाचा स्वतःच्या जागेबद्दलचा असा अंदाज चुकला तर काय होतं, ते २०१६मध्ये युरोपच्या ‘स्कियापरेली’ यानाने दाखवलं. गरगरण्यामुळे सेन्सर जेमतेम सेकंदभर भांबावला, संगणकाच्या हिशेबात उंची शून्याखाली गेली, आणि साडेतीन किलोमीटरहून जास्त उंचीवर असताना त्याने पॅराशूट सोडून दिलं. इंजिनंही तीनेक सेकंदांत बंद केली.

क्रेनचं कौतुक अगदीच वावगं नाही म्हणा. १,०२५ किलोची गाडी एअरबॅगांना पेलत नाही, आणि इंजिनं जमिनीजवळ आणली तर धूळ-दगड उडतात. म्हणून आठ इंजिनांचा सांगाडा जमिनीपासून वीसेक मीटरवर आला की तोल सांभाळत हळूहळू उतरत राहतो आणि आडात पोहरा सोडावा तशी गाडी दोरांनी खाली सोडतो. फरक एवढाच, की इथे दोर धरणाराही अधांतरी. चाकं टेकली की सांगाड्यावरचा भार उतरतो, तरंगत राहायला जोर कमी लागतो, आणि त्यावरूनच यंत्राला जमीन लागल्याचं कळतं. लगेच दोर कापले जातात आणि सांगाडा लांब उडत जाऊन आपटतो. तो धड उतरावा अशी अपेक्षाच नसते.

अवशेषांतही अभियंत्यांचं काम उरलेलं असतं. एप्रिल २०२२मध्ये ‘पर्सेव्हरन्स’सोबत गेलेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरने पॅराशूट आणि त्याला जोडलेल्या पाठीकडच्या कवचाचे फोटो काढले. कवच ताशी सुमारे १२६ किलोमीटर वेगाने आपटून फुटलं होतं, तरी त्याचं बाहेरचं आवरण शाबूत दिसत होतं, पॅराशूटच्या बऱ्याच दोऱ्याही. मंगळावरची माती पृथ्वीवर आणायचा बेत तेव्हा आखला जात होता. त्याला पुन्हा उतरवणं आलंच, म्हणून अभियंत्यांना हे फोटो हवे होते.