दारावरचा डोळा आणि दारांतलीं मुलें

३१ ऑक्टोबरची सायंकाळ झाली म्हणजे अमेरिकेंतील उपनगरांतून फिरणाऱ्या परक्या माणसास आपण चुकून स्मशानांत तर आलों नाहीं ना, असा भास व्हावा. अंगणाअंगणांत खोटीं थडगीं उभीं असतात, झाडांवरून सांगाडे लोंबत असतात, पायऱ्यांवरच्या कोरलेल्या भोपळ्यांतून दिवे मिणमिणत असतात आणि यंत्रांतून निघालेलें धुकें जमिनीसरसें पसरलेलें असतें. कित्येक दारांशीं खाऊनें भरलेलें भांडें ठेवून शेजारीं पाटी लाविलेली असते कीं, प्रत्येकानें कृपा करून एकच घ्यावा. घरांत कोणी आहे कीं नाहीं, तें कळत नाहीं. परंतु दाराच्या चौकटीवर बसविलेला एक लहानसा कांचेचा डोळा येणाऱ्या प्रत्येक सोंगाकडे टक लावून पाहत असतो. हा डोळा कसा पाहतो, हें जाणण्यासारखें आहेच. परंतु त्यानें काय पाहावें, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

हॅलोवीन हा सण मूळचा युरोपांतला. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस होय. त्याच्या आदल्या रात्रीचें हें नांव. आयर्लंडांत याच सुमारास हिवाळ्याच्या प्रारंभीं प्राचीन काळापासून एक उत्सव होत असे आणि त्या रात्रीं मृतांचे आत्मे संचार करितात अशी लोकांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकांत आयरिश लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले, त्यांच्यासंगें ही चालही गेली. मायदेशीं ते सलगम कोरीत. नव्या देशांत त्यांना भोपळा सांपडला. मुलांनीं सोंगें घेऊन दारोदार ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं’, असें म्हणत हिंडण्याची रीत १९३० नंतर तेथें रूढ होऊं लागली. दुसऱ्या महायुद्धांत साखरेवर नियंत्रण आल्यामुळें ती मंदावली आणि १९४७ सालीं नियंत्रण उठल्यावर पुन्हां फोफावली. होळीसाठीं लाकडें व गोवऱ्या मागत फिरणारीं, आणि न मिळाल्यास त्याच रात्रीं हळूच पळविणारीं मुलें ज्यांनीं आपल्याकडे पाहिलीं आहेत, त्यांस या धमकीचा अर्थ निराळा सांगावयास नको. धमकी लटकी असते. शेजाऱ्यावरचा विश्वास मात्र खरा असतो.

या विश्वासाच्या दारांत कॅमेरा कसा आला? घरासाठीं अशी योजना प्रथम आंखणाऱ्यांत न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेचें नांव घ्यावें लागतें. रात्रीं-अपरात्रीं एकटें राहण्याची पाळी येई म्हणून तिनें आपल्या पतीच्या साहाय्यानें १९६६ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९६९ सालीं तें मिळालें. दारास निरनिराळ्या उंचीवर भोकें, त्यांमागें वरखालीं सरकणारा कॅमेरा आणि आंत पडद्यावर चित्र, अशी ती रचना होती. आजचा कॅमेरा मुठींत मावतो आणि घरधनी जेथें असेल तेथें त्याच्या मोबाइलवर चित्र पाठवितो.

तथापि हॅलोवीनची आरास ही या यंत्राची कठीण परीक्षाच होय. माणसाच्या अंगची उष्णता हाललेली समजणारें एक साधन पुष्कळ कॅमेऱ्यांत असतें. आडवा जाणारा माणूस त्यास लवकर उमगतो, नेमका समोरून येणारा उशिरां. काळोखांत कॅमेरा आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि परत आलेल्या किरणांवरून काळेंपांढरें चित्र तयार करितो. पुढें धुकें असेल तर तेंच ते किरण माघारीं फेंकतें आणि पडद्यावर पांढऱ्या पटलावांचून कांहीं दिसत नाहीं. भिंगासमोर लाविलेलें खोटें कोळिष्टकही असाच घोंटाळा करितें. ज्या कॅमेऱ्यास चित्रांतील बदलावरून हालचाल कळते, तो वाऱ्यानें डुलणाऱ्या भुतालाही पाहुणा समजून घरधन्यास वारंवार हांक मारितो. म्हणून धुक्याचें यंत्र कॅमेऱ्यापासून दूर ठेवावें, पायऱ्यांवर एक स्थिर दिवा असावा आणि कॅमेरा फार उंच बसवूं नये. नाहीं तर मुलांच्या टोप्या दिसतील, मुलें दिसणार नाहींत.

एवढी खटपट करण्यास कारणें आहेत. अंधारांत लहान मूल तारेस अडखळून पडेल, लांब झग्याचा सोगा भोपळ्यांतील मेणबत्तीस लागेल. तें वेळीच दिसलें तर घरचें माणूस धांवत येऊं शकतें. परंतु दुसरें कारण भीतीचें आहे. १९७४ सालीं टेक्सासमध्यें एक मुलगा विषारी खाऊनें मेला आणि देशभर घबराट पसरली. न्यायालयांत सिद्ध झालें तें मात्र निराळेंच: विम्याच्या पैशासाठीं विष घालणारा त्याचा जन्मदाता बाप होता. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानें १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. या रात्रीं अनोळखी घरच्या खाऊनें मूल दगावल्याचें एकही सिद्ध झालेलें उदाहरण त्यांस आढळलें नाहीं.

उरला प्रश्न चोरीचा. ‘एकच घ्यावा’ ही पाटी पाहूनही मुलें मूठभर खाऊ कां उचलतात, याचा शोध १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत घेतलेला आहे. एड डीनर व त्यांचे सहकारी यांनीं सिॲटल शहरांतील २७ घरांत तेराशेंहून अधिक मुलें आडून पाहिलीं. गृहिणी एकच घेण्यास सांगून आंत जाई. जीं मुलें घोळक्यानें आलीं आणि ज्यांस नांव विचारलें नव्हतें, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ५७ मुलांनीं जास्त उचललें. जें मूल एकटें आलें आणि ज्याला नांव-पत्ता विचारला गेला, अशांत हें प्रमाण शेंकडा आठाच्याही आंत होतें. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत भांड्यामागें आरसा ठेविला. नांव विचारलेल्या थोड्या मोठ्या मुलांना त्यांत आपलेंच सोंग दिसलें, आणि चोरीचें प्रमाण पुष्कळच घटलें.

या दोन प्रयोगांत सर्व मर्म आहे. आडून पाहणारा डोळा दोन्हीं वेळीं होता; त्यानें कोणाचाही हात आवरला नाहीं. हात आवरला तो कोणीतरी आस्थेनें विचारलेल्या नांवानें आणि आपलें आपणांस झालेल्या दर्शनानें. कॅमेरा नंतर चोर दाखवील. मूल प्रामाणिक करणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. किंबहुना मूठभर गोळ्या घेणाऱ्या आठ वर्षांच्या पोराचें चित्र सर्व गांवास दाखविणें, हा त्या अपराधाहून मोठा अपराध होय. गोळ्या दोन दिवसांत संपतात. चित्र मात्र मागें राहतें. शिवाय तें घरधन्याच्याच हातीं राहील याची शाश्वती नाहीं. एका कंपनीचे नोकर ग्राहकांच्या घरांतील खाजगी चित्रें पाहत असल्याचा आरोप २०२३ सालीं तेथील संघराज्य व्यापार आयोगानें केला आणि कंपनीला अठ्ठावन्न लक्ष डॉलर भरणें भाग पडलें.

तेव्हां कॅमेरा असूं द्यावा. पण तो पायऱ्यांवर रोखावा, शेजाऱ्याच्या खिडकीवर नव्हे. तो आहे हें पाटीवर लिहावें आणि सण सरल्यावर मुलांचीं चित्रें पुसून टाकावीं. शक्य असेल त्यानें भांडें बाहेर ठेवून आंत न बसतां स्वतः दार उघडावें आणि समोरच्या चिमुकल्या राक्षसाला विचारावें, “बाळ, तुझें नांव काय?” मुखवट्याआडून उत्तर येईल, आणि पुढें होणारा हात बहुधा एकच गोळी उचलील.