लिनक्सवर प्रोग्रॅम का अडतो?

जुन्या संगणकांवर लिनक्स घालून शाळेत संगणक-कक्ष उभारणाऱ्या शिक्षकांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. प्रोग्रॅम उतरवून घेतला, पण चालू करताच 'लिबएसएसएल १.१ सापडत नाही' असा संदेश येतो. संगणक तर ठीक असतो, मग अडते कुठे?

बहुतेक प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतात. फाइल वाचणे, पडद्यावर अक्षरे काढणे ही कामे सगळ्यांनाच लागतात. त्यांचा कोड वेगळ्या फायलींत असतो व सर्व प्रोग्रॅम तो सामाईक वापरतात. या फायलींना लायब्ररी म्हणतात. लिबएसएसएल ही सुरक्षित संदेशवहनाची लायब्ररी, ओपनएसएसएल या संचातली. २०२१ साली या संचाची ३.० ही आवृत्ती आली आणि १.१ साठी तयार केलेल्या प्रोग्रॅमना ती चालेना. उबुंटू २०.०४ मध्ये १.१ आहे, २२.०४ मध्ये ३.०. त्यामुळे पहिल्यावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो.

उबुंटूच्या भांडारातून 'एपीटी'ने प्रोग्रॅम घेतला, तर लागणाऱ्या लायब्रऱ्या आपोआप येतात. इंटरनेट नसलेल्या शाळेत मात्र पेनड्राइव्हवर एकच फाइल नेऊन भागत नाही. ती दुसरी मागते, दुसरी तिसरी. शिक्षकांचा रविवार त्यातच जातो!

मग प्रत्येक प्रोग्रॅमने आपली शिदोरी बरोबरच का आणू नये? ॲपइमेज, स्नॅप, फ्लॅटपॅक या पद्धती बऱ्याच अंशी तेच करतात. जागा जास्त लागते, पण ती अडचण किरकोळ. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेर पडू शकत होती. सामाईक लायब्ररी बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की ती वापरणारे सारे प्रोग्रॅम सुधारत. स्वतःची प्रत बाळगणारा प्रत्येक प्रोग्रॅम मात्र वेगळा दुरुस्त करावा लागे. म्हणून भांडारात असेल ते भांडारातूनच घ्यावे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या यंत्रावरची जुनी लायब्ररी आणून चिकटवणे तर टाळावेच, कारण १.१ मालिकेची सर्वसाधारण देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली आहे.

विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येते. टर्मिनलमध्ये 'एलडीडी' ही आज्ञा लिहून पुढे 'एलएस' या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा. फायलींची नुसती यादी दाखवणारा हा प्रोग्रॅम, पण त्यालाही कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात ते पडद्यावर उमटते.