आकाश वजा केल्यावर उरते ती दीर्घिका

कार्तिक अमावास्येच्या आसपास ताम्हिणी घाटात पुण्याच्या उजेडाकडे पाठ करून उभं राहिलं, की रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेला उंचावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिथला प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला. तिचा आकाशातला पसारा सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढा. आपल्याला जाणवतो तो फक्त उजळ गाभा.

याच सह्याद्रीत, आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीला, 2006पासून ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे 80 हजार पट प्रकाश तिचा आरसा गोळा करतो. पण देवयानी तिच्या कॅमेऱ्यात मावतच नाही! एका वेळी चंद्रबिंबाच्या जेमतेम एक तृतीयांश रुंदीचं आकाश त्यात येतं. या दुर्बिणीचा खरा उपयोग दूरच्या, चिमुकल्या दिसणाऱ्या दीर्घिकांसाठी.

त्यांचा फोटो काढताना सगळ्यात चिवट अडचण आकाशाचीच असते. चंद्र नसलेली रात्रही पुरती काळी नसते. वातावरणाचे वरचे थर स्वतः मंद प्रकाशतात, गावांचे दिवे त्यात भर घालतात. दीर्घिकेच्या कडेचा उजेड या पार्श्वभूमीच्या शंभराव्या हिश्शाएवढाही असू शकतो. म्हणून एकाच जागेचे अनेक फोटो घ्यायचे, संवेदक थंड ठेवायचा, संध्याकाळच्या एकसारख्या उजेडात त्याच्या प्रत्येक ठिपक्याची संवेदनशीलता आधीच तपासून ठेवायची आणि मग आकाशाचा उजेड वजा करायचा. घाटमाथ्यावर आकाशाकडे तोंड करून लावलेला प्रत्येक दिवा ही वजाबाकी अवघड करतो. ताम्हिणीचा अंधार जंगलाइतकाच जपायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वातावरणच टाळलं तर काय दिसतं? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये शोधलेली ‘अलकनंदा’ दीर्घिका 2025मध्ये जाहीर झाली. वेगवेगळ्या 21 फिल्टरमधून घेतलेल्या या प्रतिमांत दोन रेखीव सर्पिल बाहू दिसतात. विश्व अवघं दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका! इतक्या लवकर एवढी नीटस चकती घडेल, अशी अपेक्षा नव्हती. ती चकती शांतपणे फिरते आहे की आतला वायू अजून खळबळतो आहे, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. त्यासाठी आता तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागेल.