ड्रेसाज

ड्रेसाज हा अश्वारोहणाचा एक प्रकार आहे. त्यात स्वार आणि घोडा ठरावीक हालचाली क्रमाने, लयीत आणि पाहणाऱ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर करून दाखवतात. 'शिकवणे, घडवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हे नाव आले आहे. त्यामुळे ते केवळ स्पर्धेचे नाव नसून घोडा घडवण्याच्या पद्धतीचेही नाव आहे. घोड्याने समजून आणि मोकळ्या अंगाने काम करावे, हे या पद्धतीचे उद्दिष्ट असते.

इतिहास

ग्रीक सेनानी व लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. सक्तीने करवून घेतलेली हालचाल घोड्याला उमगत नाही आणि ती सुंदरही दिसत नाही, असा विचार त्याने मांडला आहे. भारतातही घोड्याच्या चालींचे वर्गीकरण जुने आहे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती दिल्या असून त्यांना 'धारा' म्हटले आहे. ड्रेसाजचा ऑलिंपिकमध्ये समावेश १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेत झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून स्त्रिया पुरुषांबरोबर एकाच स्पर्धेत उतरू लागल्या.

प्रशिक्षणाच्या पायऱ्या

जर्मन परंपरेतून आलेल्या सहा पायऱ्या आज सर्वत्र प्रमाण मानल्या जातात.

१. लय : साध्या चालीत चार, दुडकीत दोन आणि कँटरमध्ये तीन ठोके स्पष्ट व समान अंतराने पडणे.
२. मोकळेपणा : पाठ व मान ताठ न ठेवता घोड्याने शांतपणे चालणे.
३. संपर्क : घोड्याने आपणहून मान पुढे करून लगामाशी हलका, स्थिर संबंध ठेवणे.
४. जोम : मागच्या पायांतील जोर पाठीवाटे पुढे पोहोचणे.
५. सरळपणा : मागच्या पायांनी पुढच्या पायांच्या रेषेत पडणे. माणसाप्रमाणेच घोड्याचीही एक बाजू जन्मतः अधिक वळणारी असते.
६. एकवटलेपणा : मागच्या भागाने अधिक भार पेलल्यामुळे पुढचा भाग हलका होणे.

यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच्या पायऱ्या टाळून लगाम ओढल्यास मान डौलदार वाकलेली दिसते. परंतु पाठ ताठच राहते आणि मागचे पाय मागे रेंगाळतात. उच्च पातळीपर्यंत घोडा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात.

स्वाराची बैठक

घोड्याशी संवाद प्रामुख्याने बैठक, पाय आणि हात यांतून होतो. मांड पक्की असावी, पण आवळलेली नसावी. कान, खांदा, कंबर आणि टाच साधारण एका उभ्या रेषेत असल्यास स्वार तोल सांभाळण्यासाठी लगामाला लोंबकळत नाही. घोड्याने प्रतिसाद देताच इशारा थांबवणे हे शिकवण्याचे मुख्य सूत्र होय. इशारा चालूच राहिला, तर आपले उत्तर बरोबर होते हे घोड्याला कळत नाही आणि तो हळूहळू बधिर होतो.

सुसंवाद आणि सक्ती

तोंडात स्थिर असलेली कडी, सैल झुलणारे शेपूट, मोकळे कान आणि संथ श्वास ही सुसंवादाची लक्षणे मानली जातात. सतत शेपूट आपटणे, तोंड उघडणे किंवा दात खाणे यांतून अस्वस्थता किंवा वेदना सूचित होऊ शकते. घोड्याची मान बळाने छातीकडे ओढून ठेवण्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाल्यानंतर आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१० मध्ये ती अस्वीकार्य ठरवली.

स्पर्धेचे स्वरूप

प्रमुख स्पर्धांचे मैदान ६० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण दिले जातात. जागच्या जागी केलेल्या लयबद्ध दुडकीस 'पियाफ' म्हणतात. ती सर्वांत अवघड हालचालींपैकी एक आहे.

भारतातील स्थिती

हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सांघिक ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. संघात सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचे हृदय छेडा आणि अनुष अगरवाला हे होते. अश्वारोहणातील हे भारताचे ४१ वर्षांनंतरचे सुवर्ण होते. अगरवाला यांनी वैयक्तिक कांस्यपदकही मिळवले.

महाराष्ट्रात घोड्याच्या चालीची पारख करणारी लोकपरंपरा नंदुरबार जिल्ह्यात आढळते. शहादा तालुक्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोडेबाजार प्रसिद्ध असून त्यात मारवाडी व काठियावाडी घोडेही येतात. 'रेवाळ' चालीत एका बाजूचे मागचे व पुढचे पाऊल लागोपाठ पडत असल्याने स्वाराला हिसके जाणवत नाहीत. ही चाल ड्रेसाजमध्ये नसते. वाद्यांच्या तालावर नाचणाऱ्या घोड्यांचे पाय उचलणे वरवर पियाफसारखे दिसते; मात्र पियाफमध्ये कर्णरेषेतील पायांच्या जोड्या, खाली झुकलेला मागचा भाग आणि मोकळी पाठ अपेक्षित असते. दोन्ही परंपरांचे नियम वेगळे असले, तरी घोडा शिकवणुकीने नाचतो आहे की भीतीने, हे त्याच्या तोंड, कान व शेपटावरून दोन्हीकडे पारखता येते.