दोन शिक्षक, चार इयत्ता

९.४५. कुलूप मी उघडते, घंटा चौथीतलं कुणीतरी देतं. आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिपाई नाही, लेखनिक नाही. पहिली ते चौथी, पट २२, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोनच बसतात.

१०.३०. परिपाठ संपला की आधी हजेरी, कारण स्वयंपाकीताई आकड्यासाठी थांबलेली असते. पोषण आहाराचा तांदूळ मुलामागे १०० ग्रॅम. आज १९ हजर, म्हणजे १ किलो ९०० ग्रॅम तोलायचा आणि लगेच वहीत नोंदवायचा.

११. सर आज बैठकीला गेलेत, त्यामुळे चारही इयत्ता एकाच खोलीत. भिंतीलगत खाली रंगवलेला फळा आहे. पहिली-दुसरीच्या प्रत्येकाला त्यातला हातभर वाटा, तिथे खडूचे बारके तुकडेही कामी येतात. तिसरीला हातच्याची वजाबाकी. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मुलांनीच बांधलेत. एकक कमी पडले की गठ्ठा सोडायचा आणि सुट्या काड्यांत मिसळायचा. छापील संचापेक्षा मला हे बरे वाटतात, मुलाला स्वतःच्या हाताने दशक सोडता येतो. चौथीतली दोघं पहिलीला गोष्ट वाचून दाखवतात. पण थोडाच वेळ. त्यांनाही शिकायचं आहे; मोठ्या मुलांना बिनपगारी शिक्षक करून टाकणं हा अन्याय आहे.

१.३०. जेवण. हात धुतलेलं पाणी परसबागेतल्या पालकाला.

३.३०. शाळा व्यवस्थापन समितीचे दोघं आलेत. ३० पर्यंतच्या पटाला ‘समग्र शिक्षा’ योजनेतून वर्षाला १०,००० रुपये मिळतात. वीजबिल, खडू, डागडुजी, सगळं त्यातच, शिवाय दहावा हिस्सा स्वच्छतेला. गळक्या कोपऱ्यासाठी सिमेंट शाळेने आणायचं, मजुरी एका गवंडी पालकाने सोडली. प्रश्न मिटला.

५.००. मुलं घरी गेली. आता ऑनलाइन माहिती भरायची, त्यासाठी रेंज मिळेल तिथवर टेकाड चढायचं.

पैशाची ओढाताण गाव सांभाळून घेतं. सरांचा बैठकीत गेलेला दिवस मात्र मुलांना कुणीच परत देत नाही. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, हे कायद्यानेच ठरवलंय. माहिती मागवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: केंद्रावर एक लेखनिक नेमा, आणि शाळेच्या वेळेत शिक्षकाला बोलावू नका.